बॉक्स १६, बॉक्स १७: स्टेट मॉड्यूलच्या प्रकल्प नोंदी, हंगाम २०२५

६ जानेवारी २०२५, सोमवार

अमेरिकेतली कराची रिटर्न भरायचं आमचं सॉफ्टवेअर, त्याचं स्टेट मॉड्यूल, म्हणजे राज्यांच्या कराचा भाग, आजपासून माझ्या गळ्यात. आधीचा गडी डिसेंबरात बंगळुरूला गेला आणि जाताना पानभर चिठ्ठी ठेवून गेला. तिची शेवटची ओळ: "विदहोल्डिंगच्या कोडला शक्यतो हात लावू नये." तिकिटांच्या (ग्राहकांच्या तक्रारींच्या) यादीत 'विदहोल्डिंग' (पगारातून कापलेला कर) शोधलं, ३७ उघडी. हात लावावाच लागणार.

टीममध्ये नवीन आलेल्यांसाठी मुळाक्षरं एकदाच लिहून ठेवतो. डब्ल्यू-२ म्हणजे अमेरिकेतला फॉर्म १६. मालक वर्षभराचा पगार आणि त्यातून कापलेला कर त्यावर दाखवतो. बॉक्स १ फेडरल (केंद्र सरकारच्या हिशोबाचं) वेतन, बॉक्स २ फेडरल कपात. खालच्या पट्टीत राज्यं: बॉक्स १५ मध्ये राज्याचं नाव आणि मालकाचा तिथला नोंदणी क्रमांक, १६ मध्ये त्या राज्याचं वेतन, १७ मध्ये त्या राज्यासाठी कापलेला कर. १८, १९, २० शहरांसाठी. आपल्याकडे प्राप्तिकर एकच, दिल्लीचा. तिकडे केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा, काही ठिकाणी शहराचा आणखी वेगळा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा अशी नऊ राज्यं पगारावर कर घेत नाहीत. बाकीची घेतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

९ जानेवारी

पहिल्या १४ तिकिटांचं दुखणं एकच निघालं. सॉफ्टवेअर लाल पट्टी दाखवतं: "राज्यांच्या वेतनाची बेरीज फेडरल वेतनापेक्षा जास्त आहे. डब्ल्यू-२ तपासा." माणूस तपासतो. छापलेला आकडा तोच असतो. पट्टी जात नाही.

ही तपासणी कुणीतरी शाळेतल्या हिशोबाने लिहिली आहे: एका भाकरीचे तुकडे मिळून भाकरीपेक्षा मोठे कसे होतील? न्यूयॉर्कमध्ये होतात. तिथला नियमच आहे की न्यूयॉर्कसाठी बॉक्स १६ मध्ये पूर्ण फेडरल वेतन छापायचं, माणूस वर्षातले थोडेच दिवस तिथे कामाला असला तरी. कर किती वेतनावर लागणार ते नंतर रिटर्नमध्ये ठरतं. त्यामुळे न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनला जाणाऱ्याच्या डब्ल्यू-२ वर न्यूयॉर्कसमोर पूर्ण पगार आणि जर्सीसमोर पुन्हा पूर्ण पगार. बेरीज दुप्पट, आणि डब्ल्यू-२ बरोबर.

वाईट भाग पुढे आहे. लाल पट्टी घालवायला काही लोकांनी जर्सीच्या ओळीत शून्य टाकलं. म्हणजे सरकारकडे मालकाने पाठवलेला डब्ल्यू-२ एक आणि आमच्याकडून गेलेला दुसरा. आमच्या सूचनेने बरोबर कागद चुकीचा करून घेतला.

तपासणी काढली. तिच्या जागी साधा प्रश्न ठेवला: "छापलेला आकडा हाच आहे ना?"

१४ जानेवारी

संक्रांत. न्यू जर्सीतल्या एडिसनहून दाजींचा फोन. तिळगूळ व्हॉट्सॲपवर, आणि लगेच, "तुझं ते टॅक्सचं सॉफ्टवेअर यंदा वापरू का?" नको म्हणायला जीभ वळेना. वापरा म्हणालो.

१७ जानेवारी

आणखी एक लाल पट्टी: "एका राज्याचं वेतन बॉक्स १ पेक्षा जास्त." हीसुद्धा बहुतेक वेळा खोटी.

फेडरल सरकार ४०१-के (नोकरीतली निवृत्तीची बचत योजना) मध्ये टाकलेले पैसे बॉक्स १ मधून वगळतं. पेनसिल्वेनिया वगळत नाही. पगाराच्या ज्या भागातून निवृत्तीची बचत झाली त्यावरही ३.०७ टक्के आत्ताच. म्हणून पेनसिल्वेनियाचा बॉक्स १६ जवळपास नेहमीच फुगलेला. जर्सीचं उलटसुलट: ४०१-के वगळते, पण शिक्षक आणि इस्पितळातले लोक ज्या ४०३-बी मध्ये टाकतात ते वगळत नाही, करपूर्व कापलेला आरोग्यविम्याचा हप्ता पगारातच धरते, आरोग्य बचत खात्यातले पैसेही धरते. त्या खात्याबद्दल कॅलिफोर्निया जर्सीच्या पंक्तीला.

एकच पगार, पण पगार कशाला म्हणायचं याच्या व्याख्या तीन. राज्यनिहाय तक्ता करायला घेतला. टेस्टर ताई म्हणाल्या, "तक्ता कशाला, सगळ्यांसाठी ही तपासणी बंदच करा." नाही. टाइप करताना एक शून्य जास्त पडलं तर तेही पकडायला हवं. तडजोड: बॉक्स १६ हा बॉक्स १ च्या दीडपटीच्या वर गेला तरच विचारायचं.

२२ जानेवारी

एका डॉलरचा बग. हसू नका, दोन दिवस गेले.

तीन नोकऱ्या, तीन डब्ल्यू-२. राज्यासाठी कापलेले ८१२.५०, ४३३.५० आणि २१०.५०. फेडरलच्या कोडमध्ये आधी बेरीज, मग पूर्णांक: १,४५६.५० चे १,४५७. राज्याच्या कोडमध्ये आधी प्रत्येकाचा पूर्णांक, मग बेरीज: ८१३, ४३४, २११, म्हणजे १,४५८. फेडरलच्या शेड्यूल ए वर (वजावटींचा फॉर्म) राज्यकर १,४५७, राज्याच्या रिटर्नवर कपात १,४५८, आणि आमचीच अंतर्गत तपासणी दोघांना भांडायला लावून रिटर्न अडवून ठेवते. १०४० च्या (फेडरल रिटर्नच्या फॉर्मच्या) सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे: बेरीज सेंटसकट करा, पूर्णांक फक्त एकूण रकमेचा. दोन्हीकडे एकच फंक्शन लावलं.

२७ जानेवारी

आयआरएसने (तिकडच्या आयकर खात्याने) आजपासून रिटर्न घ्यायला सुरुवात केली. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. साडेदहा तासांचं अंतर. रात्री दीडपर्यंत बसलो, मोठं काही पडलं नाही.

एक अडचण इथेच लिहून ठेवतो. करदात्याचे खरे कागद आम्ही पुण्यात बघू शकत नाही. तिकडच्या कायद्याच्या कलम ७२१६ नुसार करदात्याच्या लेखी संमतीशिवाय त्याची माहिती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे आमच्यापर्यंत येते ती सपोर्टवाल्यांनी नावगाव पुसून सांगितलेली हकीकत. डॉक्टरने पेशंटला न बघता शेजाऱ्याच्या सांगण्यावरून औषध द्यावं, तशातला प्रकार. कायदा योग्यच आहे, तक्रार नाही. फक्त वेळ लागतो.

४ फेब्रुवारी

आजचं तिकीट वाचून अंगावर काटा आला.

राहणार पेनसिल्वेनिया, नोकरी न्यू जर्सी. या दोन राज्यांत १९७० च्या दशकापासून करार आहे: पगारावरचा कर राहत्या राज्यालाच द्यायचा. त्यासाठी कामगाराने मालकाला एनजे-१६५ हा फॉर्म द्यायचा, म्हणजे मालक जर्सीचा कर कापत नाही. या बाईंनी तो दिला नव्हता. पगार ६०,०००, आणि मालकाने वर्षभर जर्सीसाठी १,६५० डॉलर कापले.

आमच्या सॉफ्टवेअरने काय केलं? करार लागू आहे हे ओळखलं (शाबास), आणि म्हणून जर्सीची ओळच शून्य केली. वेतन शून्य, कपात शून्य, जर्सीचं रिटर्न तयारच नाही. हिशोबाला वेतन शून्य बरोबर आहे. पण कापलेले १,६५० कुणाच्या खिशातून गेले? ते परत मिळवायचा एकच रस्ता: जर्सीचं अनिवासी रिटर्न, एनजे-१०४०एनआर, भरायचं, करपात्र वेतन शून्य, कपात १,६५०, सगळा परतावा. आमच्या सॉफ्टवेअरने तो रस्ता दाखवलाच नाही.

दुसरी बाजू अशी की पेनसिल्वेनियाला ६०,००० वर ३.०७ टक्क्यांनी १,८४२ डॉलर १५ एप्रिलपर्यंत स्वतःच्या खिशातून द्यायचे. जर्सीचा चेक येईल तेव्हा येईल. लोकांना हे पटत नाही. "कर तर कापला ना एकदा?" कापला हो, पण चुकीच्या दारात ठेवला.

कोडमध्ये गंमत सापडली. कराराशेजारी एक खटका आहे, २०१६ साली टाकलेला, 'करार संपला' असा. त्या वर्षी सप्टेंबरात गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी करार मोडत असल्याचं जाहीर केलं होतं आणि नोव्हेंबरात मागे घेतलं. आमच्याकडे कुणीतरी घाईघाईत खटका बसवला आणि तो तसाच राहिला. बंद आहे, पण आहे. काढून टाकला.

५ फेब्रुवारी

करार म्हणजे वेतन शून्य, पण कपात जशीच्या तशी. कपात असेल तर त्या राज्याचं अनिवासी रिटर्न बनवायचंच. हाच बदल व्हर्जिनिया-मेरीलँड, इलिनॉय-विस्कॉन्सिन, इंडियाना-ओहायो अशा सगळ्या जोड्यांना लावला. मिनेसोटा-विस्कॉन्सिन जोडी यादीत होती. तो करार २०१० पासूनच नाही. पंधरा वर्षं कुणाला टोचलं नाही म्हणजे त्या वाटेने आमचं गिऱ्हाईक गेलेलं दिसत नाही.

फिलाडेल्फियाचं उपप्रकरण: जर्सीत राहून फिलाडेल्फियात काम करणाऱ्याला पेनसिल्वेनियाचा कर माफ, शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा कर) माफ नाही. २०२४ साली अनिवासींना ३.४४ टक्के. त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करात तेवढी सूट, जर्सी देते. आमचा कोड 'करार आहे' एवढं बघून क्रेडिट शून्य करत होता. तेही दुरुस्त.

११ फेब्रुवारी

कॅलिफोर्निया. अपंगत्व विम्याची वर्गणी पगारातून कापतात, एसडीआय. २०२३ पर्यंत तिला वरची मर्यादा होती, १,५३,१६४ डॉलर वेतनापर्यंत ०.९ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १,३७८.४८. दोन मालकांनी मिळून जास्त कापले तर फरक रिटर्नमधून परत मिळे. १ जानेवारी २०२४ पासून मर्यादाच गेली, २०२४ चा दर १.१ टक्का, कितीही पगार असो. आमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये २०२३ ची ओळ २०२४ म्हणून चिकटवलेली. दोन नोकऱ्यांत मिळून २,००,००० कमावणाऱ्याचे २,२०० कापले गेले, आणि आम्ही त्याला ८२१.५२ परत मिळतील म्हणून आनंदाची बातमी दिली.

कोणी चिकटवलं ते इतिहासात दिसतंय. ज्युनियर मुलगा आहे, त्याचं पहिलंच वर्ष. त्याला बोललो नाही, मीही एकदा लीप वर्ष विसरलो होतो. पण यापुढे वर्षाचा आकडा बदलताना शेजारी राज्याच्या सूचनापत्राचं पान लिहायचं, हा नियम केला.

१२ फेब्रुवारी

जर्सीला मात्र मर्यादा आहेतच. २०२४ साठी बेरोजगारी आणि कामगार निधीची मिळून ४२,३०० वर ०.४२५ टक्के, १७९.७८. दोन मालकांनी दोनदा कापले तर एनजे-२४५० वरून एक १७९.७८ परत. एकाच मालकाने जास्त कापलं असेल तर फॉर्म नाही, मालकाकडेच मागायचे. कोड बरोबर होता. खोट डब्ल्यू-२ च्या बॉक्स १४ मध्ये (इतर कपातींचा रकाना): तिथे मालक मनाला येईल ते नाव छापतो, आणि आम्ही दोनच नावं ओळखत होतो.

२० फेब्रुवारी

डब्ल्यू-२ च्या कागदावर राज्यांसाठी ओळी दोनच. तिसरं राज्य आलं की मालक दुसरा कागद देतो. काही पगारप्रणाली त्या दुसऱ्या कागदावर बॉक्स १ रिकामा ठेवतात, काही तोच आकडा परत छापतात. माणूस भाबडेपणाने दोन्ही भरतो, फेडरल पगार दुप्पट. आता मालकाचा क्रमांक आणि बॉक्स १ दोन्ही जुळले तर विचारतो, "हा त्याच कागदाचा पुढचा भाग आहे का?" आपोआप काही करत नाही. तसं करायची हौस एव्हाना फिटली.

४ मार्च

रात्री अकराला दाजी.

"काय रे, जर्सीने यंदा माफी जाहीर केली का?"

"का हो?"

"गेल्या वर्षी सीपीएने (इकडचा सीए) दीड हजारावर भरायला लावले होते. पगार तोच, ऑफिस तेच. यंदा तुझं सॉफ्टवेअर म्हणतं फक्त पन्नासेक डॉलर. मला आवडलं, पण भीती वाटते."

रिटर्न पाठवलंत का? "नाही, ताई म्हणाली आधी तुला विचार." ताईचे उपकार.

दाजी आठवड्यातले तीन दिवस मॅनहॅटनला आणि दोन दिवस कंपनीच्याच जर्सी सिटीच्या ऑफिसात. हे दोन दिवस घरून केले असते तर गोष्ट वेगळी होती: स्वतःच्या सोयीसाठी घरून काम केलेला दिवस न्यूयॉर्क आपलाच धरतं. कनेटिकटमध्ये राहणारे प्राध्यापक झेलिन्स्की त्यावर भांडले आणि २००३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयात (कोर्ट ऑफ अपील्स) हरले. २०२३ मध्ये जर्सीने चिडून तसाच नियम उलट्या दिशेने केला. पण दाजींचा जर्सी सिटीचा दिवस हा खरोखर कंपनीच्या जर्सीतल्या ऑफिसातला दिवस. तो जर्सीचाच.

५ मार्च

दाजींच्या नमुन्यावर टेस्ट केस बनवली. आकडे त्यांचे नाहीत, आणि हिशोब सोपा व्हावा म्हणून माणूस अविवाहित धरला आहे (ताईला सांगू नका).

बॉक्स १: ९६,०००. न्यूयॉर्क बॉक्स १६: ९६,०००, बॉक्स १७: ५,१००. जर्सी बॉक्स १६: ९७,२५० (विम्याचे १,२५० धरून), बॉक्स १७: शून्य. वर्षात कामाचे दिवस २४०, त्यातले १४४ न्यूयॉर्कमध्ये.

जर्सी आपल्या रहिवाशाच्या सगळ्या कमाईवर कर लावते आणि मग दुसऱ्या राज्याला दिलेल्या कराचं क्रेडिट देते. फॉर्म एनजे-सीओजे. इथे दिलेला कर म्हणजे न्यूयॉर्कच्या रिटर्नवर ठरलेला अंतिम कर; मालकाने कापला तो नाही. कपात हा अंदाज असतो, जास्तीचे परत येतात. परत येणाऱ्या पैशाचं क्रेडिट कसं मिळेल? आमचा कोड सरळ बॉक्स १७ उचलत होता.

मूळ शोधलं. 'गेट स्टेट टॅक्स पेड' नावाचं फंक्शन. २०१८ मध्ये शेड्यूल ए साठी लिहिलेलं, दहा हजारांची मर्यादा आली त्या वर्षी. तिथे ते अगदी बरोबर आहे, कारण शेड्यूल ए वर वर्षभरात कापला गेलेला राज्यकरच लिहायचा असतो. २०२१ मध्ये कुणाला तरी क्रेडिटसाठी 'भरलेला राज्यकर' हवा होता. त्याने नाव वाचलं, नाव जुळलं, जोडून मोकळा झाला. पेड म्हणजे कापलेला की देय ठरलेला, हे नावात नाही. फंक्शनची दोन केली, 'कापलेला' आणि 'ठरलेला'.

ठरलेला कर यायचा तर न्यूयॉर्कचा हिशोब जर्सीच्या आधी व्हायला हवा. आमचं इंजिन राहतं राज्य आधी सोडवत होतं. क्रम उलटा केला: परकी राज्यं आधी, राहतं शेवटी. तिकडचा कुठलाही सीपीए हातानेही असंच करतो. अपवाद निघालेच: कॅलिफोर्नियाचा रहिवासी ॲरिझोना, ओरेगन किंवा व्हर्जिनियात कमावतो तेव्हा क्रेडिट त्याला त्या परक्या राज्याच्या रिटर्नवर मिळतं, त्यामुळे तिथे कॅलिफोर्निया आधी. क्रम जोडीप्रमाणे ठरवावा लागला.

संध्याकाळी सगळ्या टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या. टेस्ट केसचं उत्तर? जर्सीला देय ५१. बदलाआधी होतं तेच!

ज्युनियर म्हणाला, "सर, काहीच बदललं नाही. मग बग होता का?"

६ मार्च

बग होता, आणि तो दुसऱ्या बगच्या सावलीत बसला होता.

जर्सीच्या क्रेडिटला छत आहे: जर्सीचा कर, गुणिले दोन्ही राज्यांनी कर लावलेली कमाई, भागिले जर्सीतली एकूण कमाई. ठरलेला कर आणि हे छत, यातलं लहान ते क्रेडिट. कागदावर मांडलं.

जर्सीचा कर: ९७,२५० मधून १,००० ची वैयक्तिक सूट (भाड्याची वजावट सोडून दिली), ९६,२५० वर ४,००५.

न्यूयॉर्कचा पूर्ण पगारावरचा कर: ८,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ८८,००० वर ४,७१२.

कोडचं छत: ४,००५ × ९६,००० ÷ ९७,२५० = ३,९५४. ५,१०० घ्या नाहीतर ४,७१२ घ्या, दोन्ही छताच्या वर, क्रेडिट ३,९५४ च. देय ५१. म्हणून काल काहीच हललं नाही.

चूक छतातच. ९६,००० हा आकडा आला बॉक्स १६ मधून. त्याच न्यूयॉर्कच्या बॉक्स १६ मधून, ज्यात नियमाने पूर्ण पगार छापतात, जानेवारीत ज्याच्यावरून एवढं लिहिलं, आणि जो कर लागलेल्या कमाईचा आकडा नाही हे मला ९ तारखेलाच कळायला हवं होतं. न्यूयॉर्कची खरी कमाई आयटी-२०३-बी फॉर्मवर दिवसांच्या हिशोबाने निघते: ९६,००० × १४४ ÷ २४० = ५७,६००.

मग न्यूयॉर्कचा कर ४,७१२ चे साठ टक्के, २,८२७. कापलेले ५,१००, परतावा २,२७३.

खरं छत: ४,००५ × ५७,६०० ÷ ९७,२५० = २,३७२. क्रेडिट २,३७२. जर्सीला देय १,६३३.

५१ नाही, १,६३३. दाजींच्या सीपीएचा आकडा याच घरातला होता. फरक १,५८२ डॉलर. आम्ही न्यूयॉर्ककडून परतावाही दिला आणि त्याच दिवसांसाठी जर्सीकडून क्रेडिटही. हे कुणी ग्राहकाने तक्रार म्हणून आणलं नसतं. पैसे कमी भरायला सांगणाऱ्या सॉफ्टवेअरची तक्रार कोण करतो? ३७ तिकिटांत हे नव्हतंच.

१० मार्च

अमेरिकेत काल घड्याळं पुढे गेली, अंतर साडेनऊ तास. रात्रीची बैठक तासाभराने लवकर. एवढंच सुख.

१२ मार्च

कालच्या परीक्षणात टेस्टर ताईंनी नेमका प्रश्न विचारला: बॉक्स १७ ची दुरुस्ती एकटी कुठे दिसेल? छताखाली राहणारा कर हवा, म्हणजे कमी दराचं राज्य. ॲरिझोना. तिथे दर सपाट २.५ टक्के, पण मालकाने किती कापावं ते कामगार ए-४ फॉर्मवर निवडतो, ०.५ पासून ३.५ टक्क्यांपर्यंत. सावध माणूस ३.५ वर खूण करतो.

आमच्या त्याच माणसाला १२ आठवडे फीनिक्सला पाठवलं. तिथली कमाई ३०,०००, कापलेले १,०५०. ठरलेला कर ६३६. जर्सीचं छत १,२३५. जुना कोड १,०५० चं क्रेडिट देतो, नवा ६३६ चं. टेस्ट जुन्या कोडवर लाल, नव्यावर हिरवी. ती फ्रेम करून लावावी असं टेस्टर ताई म्हणाल्या. धुळवडीआधी एवढं तरी झालं.

१९ मार्च

रिलीज. पडद्यावरही बदल: न्यूयॉर्कचा डब्ल्यू-२ आणि राहतं राज्य दुसरं असेल तर दिवस विचारतो, आणि घरून केलेले दिवस वेगळे विचारतो. लोकांना हा प्रश्न नकोसा वाटणार. वाटू दे.

२० मार्च

आता अवघड काम: जी रिटर्न आधीच गेली त्यांचं काय? तिकडच्या टीमने यादी काढली, आम्हाला फक्त संख्या आणि राज्यं कळली. व्यवस्थापनात एक मत असं होतं की मे महिन्यात शांतपणे कळवू. आमचे तिकडचे सीपीए, एरवी मवाळ माणूस, बैठकीत आवाज चढवून म्हणाले की १५ एप्रिलच्या आत एनजे-१०४०एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून फरक दिला तर कर मुदतीतच भरला असं होतं. मेमध्ये व्याज लागेल आणि ते कोण देणार ते आधी सांगा. पत्रं त्याच आठवड्यात गेली. दुरुस्तीचं रिटर्न फुकट.

३० मार्च

पाडवा. गुढी, श्रीखंड, लॅपटॉप बंद. दाजींनी रिटर्न पाठवल्याचा निरोप, सोबत: "तुझ्यामुळे दीड हजार गेले." पुढे हसरा चेहरा होता, पण थोडा उशिरा आला.

२ एप्रिल

पत्रांची उत्तरं येताहेत. सीपीएंनी सांगितलेली एक: बाईंनी विचारलं, न्यूयॉर्कचा परतावा खात्यात आला, खर्चही झाला, आता जर्सीचे कुठून आणू? दोन्ही राज्यांचे चेक एकाच दिवशी समोरासमोर ठेवता आले असते तर बरं झालं असतं. तशी सोय नाही. जर्सीला हप्ते मागता येतात, त्याची माहिती पत्राच्या दुसऱ्या मसुद्यात घातली. पहिल्यातच हवी होती.

१६ एप्रिल

काल शेवटची तारीख. सकाळी साडेनऊ तासांचा हिशोब संपला तेव्हा इकडे सूर्य वर आलेला. ३७ पैकी ३४ बंद. राहिलेल्यांत दोन बॉक्स १५ मधल्या नोंदणी क्रमांकाच्या डॅशची आहेत, थांबू शकतात.

तिसरं: राहणार मेरीलँड, नोकरी वॉशिंग्टन डी. सी., आणि मालकाने डी. सी. चा कर कापला. १९७३ च्या होम रूल कायद्याने डी. सी. ला बाहेरच्यांच्या पगारावर कर लावताच येत नाही, त्यामुळे सगळी कपात परत. फक्त तिथे नेहमीचं अनिवासी रिटर्न नाही, डी-४०बी हा परताव्याचा वेगळा अर्ज आहे, आणि तो आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कधी बनवलाच नव्हता. ५ फेब्रुवारीचा माझा बदल "अनिवासी रिटर्न बनव" म्हणतो, आणि असा फॉर्म न सापडल्याने गप्प बसतो.

निदान गप्प बसू नये म्हणून सूचना टाकली: अर्ज हाताने भरून पाठवा, डब्ल्यू-२ जोडा. तिकीट उघडं ठेवलं आहे. सोमवारी डी-४०बी ला सुरुवात.